असेंब्ली कोडचे रूपांतर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक्स८६ प्रोसेसरचा असेंब्ली कोड प्रामुख्याने दोन धाटणींत लिहिला जातो. एक इंटेलच्या पुस्तिकांमधली, दुसरी युनिक्सच्या परंपरेतून आलेली ‘एटी अँड टी’. या दोन निराळ्या भाषा असून त्यांतली एक वेगवान आहे, हा समज निराधार आहे. वेग सूचनांवर ठरतो आणि सूचना दोन्हींत त्याच असतात. लिहिण्याची धाटणी प्रोसेसरपर्यंत पोहोचतच नाही.

ऑपरंडांची, म्हणजे सूचना ज्यांवर काम करते त्या घटकांची, अदलाबदल केली की एका धाटणीतून दुसरीत रूपांतर झाले, हा समज जास्त महागात पडतो. क्रम उलटा असतो हे खरे. इंटेलमध्ये मूल्य जिथे जायचे ते आधी लिहितात, एटी अँड टीमध्ये जिथून यायचे ते. पण एटी अँड टीमध्ये रजिस्टरआधी % आणि स्थिर संख्येआधी $ ही चिन्हेही लागतात. मूव्ह सूचनेत $५ लिहिले तर ५ ही संख्या रजिस्टरमध्ये जाते. नुसते ५ लिहिले तर मेमरीतल्या ५ क्रमांकाच्या पत्त्यावर जे असेल ते वाचले जाते. असेंबलर दोन्ही निमूट स्वीकारतो. खरा धोका अशा तक्रार न होणाऱ्या चुकांचाच.

क्रमाच्या नियमालाही अपवाद आहेत. एंटर आणि बाउंड या सूचनांचे ऑपरंड उलटत नाहीत. तुलनेच्या सूचनेचे उलटतात, मात्र तिच्या पुढची सशर्त उडी आहे तशीच ठेवायची असते; तीही उलटवली तर सगळा तर्कच फिरतो. फ्लोटिंग पॉइंट वजाबाकी आणि भागाकाराच्या काही रूपांची गोष्ट तर विचित्रच. जुन्या युनिक्स असेंबलरांत त्यांचा अर्थ उलटा लागत असे, जीसीसी हा कंपायलर त्यावर विसंबला आणि जीएनयू असेंबलरला ती चूक जपणे भाग पडले.

‘इंटेल धाटणी’ही एकसंध नाही. चौकटी कंसाशिवाय लिहिलेल्या चलाच्या नावाचा अर्थ मॅस्म हा असेंबलर त्यातले मूल्य असा घेतो, तर नॅस्म हा असेंबलर त्याचा पत्ता असा.

मुळात रूपांतर दरवेळी लागतेच असे नाही. जीएनयू असेंबलर योग्य निर्देश दिल्यास इंटेल धाटणीही वाचतो. रूपांतर केलेच तर दोन्ही आवृत्त्यांचे बाइट ताडून पाहावेत. तिथेही फरक म्हणजे चूक, असे मानू नये: ईबीएक्स रजिस्टरमधले मूल्य ईएएक्स रजिस्टरमध्ये नेणारी एकच सूचना दोन वेगळ्या बाइट-जोड्यांनी लिहिता येते आणि कोणती निवडायची हे असेंबलर ठरवतो.