भीमुनिपट्टणमची लाल टेकाडे

विशाखापट्टणमहून समुद्राच्या कडेने ईशान्येस भीमुनिपट्टणमच्या दिशेने निघाले, की सुमारे वीस किलोमीटरवर रस्त्यालगतची जमीन एकाएकी तांबडीलाल होते. तेलुगू भाषेत या जागेला 'एर्रा मट्टी दिब्बालु', म्हणजे लाल मातीची टेकाडे, असे म्हणतात. कोकणातल्या माणसाला हा रंग पाहून जांभ्याची आठवण होणे साहजिक आहे. पण साम्य रंगापुरतेच. जांभा हा मूळ खडक जागच्या जागी झिजून तयार होतो. येथे आहे ती वाळू, आणि तीही दुसरीकडून आलेली.

या वाळूचे माहेर पूर्वघाटातल्या खोंडलाइट या खडकात आहे. गार्नेट, सिलिमेनाइट यांसारखी खनिजे त्यात विपुल असतात. ओढ्यानाल्यांनी हा खडक झिजवून त्याचे कण समुद्राकडे नेले. त्यानंतर आले गेले हिमयुग. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी ते ऐन भरात असताना पृथ्वीवरचे अफाट पाणी बर्फात गोठलेले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहूनही अधिक खाली गेली होती. आज बंगालच्या उपसागराखाली असलेली किनाऱ्यालगतची रुंद पट्टी तेव्हा उघडी पडली. त्या कोरड्या पुळणीवरची वाळू वाऱ्याने उचलली आणि जमिनीकडे आणून टाकली. वाऱ्याचा वाटा किती आणि ओढ्यांचा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बदललेल्या समुद्रपातळीची नोंद या थरांत आहे, याबद्दल मात्र दुमत नाही.

वाळू आली तेव्हा ती लाल नव्हती. गार्नेटसारख्या खनिजांतले लोह पावसापाण्याने आणि हवेने सुटे झाले, त्याचा गंज कणाकणावर चढला आणि हजारो वर्षांत टेकाडे तांबडी झाली. गडद लाल, फिकट आणि पिवळसर, अशा छटा म्हणजे जणू वयाचा दाखलाच. त्याहूनही नेमके वय सांगणारी एक पद्धत आहे. गाडल्या गेलेल्या कणाला अखेरचा सूर्यप्रकाश कधी लागला, हे त्यात साठलेल्या ऊर्जेवरून प्रयोगशाळेत काढता येते. त्यासाठी थर मात्र जागचा हललेला नसावा लागतो.

आणि घोडे नेमके येथेच पेंड खाते. ही वाळू दगडासारखी घट्ट झालेली नाही. पावसाच्या पाण्याने तिच्यात खोल, फाटे फुटलेल्या घळी कोरल्या आहेत. उभ्या कडांच्या या भूलभुलैयामुळेच चित्रपटवाल्यांना जागा आवडली आणि पर्यटकांनाही. परंतु एकदा यंत्र फिरले, की ती नुसती लाल वाळू उरते. पुन्हा रचून ढीग करता येईल, थर नव्हे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४ मध्ये या स्थळाला भूवारशाचा दर्जा दिला. त्याने मान मिळाला. कुंपण मिळालेच असे नाही. संरक्षणासाठी आखलेले क्षेत्र टेकाडांच्या मूळ विस्ताराच्या मानाने लहान आहे आणि वाद नेमका त्या रेषेबाहेर पेटतो. जुलै २०२४ मध्ये एका गृहनिर्माण संस्थेच्या भूखंडांसाठी तेथे सपाटीकरण सुरू झाल्याचे उघड झाले. ओरड झाल्यावर ते थांबले. पण निसर्गाने रेषा पाहून वाळू टाकलेली नव्हती, ही साधी गोष्ट कागदोपत्री सांगणे कठीण जाते. पुरातन वास्तूंसाठी १९५८ चा कायदा आहे. भूवारशासाठी मात्र स्वतंत्र विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भारतातल्या ज्या सात नैसर्गिक स्थळांची भर पडली, त्यांत ही टेकाडे आहेत. पाचगणी-महाबळेश्वरचे दख्खनचे कातळही त्याच सातांत आहेत. मात्र संभाव्य यादी ही केवळ उमेदवारी होय. पुढचा प्रस्ताव पाठवताना स्थळाची हद्द, तिच्याभोवतीचा राखीव पट्टा आणि संरक्षणाची व्यवस्था नकाशानिशी दाखवावी लागते. तेव्हा रेषेबाहेर राहिलेल्या लाल वाळूचे काय करणार, याचे उत्तर आंध्र प्रदेशाला द्यावेच लागेल.