अंतरपाट दूर झाल्यावर

आपल्या बोलपटांतील प्रेमकथेचा जीव बव्हंशी तिच्या प्रतिपक्षात असतो. नायिकेचा हट्टी पिता, जातीचा अडसर, सावकाराचे गहाणखत, यांपैकी एखादी हरकत उभी राहिली म्हणजे नायक-नायिकेला एकमेकांवर प्रेम करण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. आणि अंतरपाट दूर होऊन अक्षता पडल्या, की प्रतिपक्षाचा दावा निकालात निघाल्यामुळे दिग्दर्शकही आपले दप्तर बांधून चालता होतो. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत त्या प्रेमाचे काय होते, हा प्रश्न ज्या थोड्या चित्रपटांनी विचारला, त्यांच्यापुढची पहिली अडचण भावनेची नसून रचनेची होती : आता भांडायचे कोणाशी? बहुतेकांनी 'तिसऱ्या माणसा'चा सोपा तोडगा काढला. ज्यांनी तो जपून वापरला, किंवा मुळीच वापरला नाही, त्यांच्याच हाती दीर्घ सहवासातील प्रेमाचे खरे रूप लागले, असे माझे मत आहे.

या दृष्टीने पाहू जाता, प्रभात कंपनीसाठी दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' हा केवळ संतपट म्हणून देव्हाऱ्यात ठेवून देण्याजोगा चित्रपट नव्हे. संसाराविषयीचा इतका प्रामाणिक बोलपट मराठीत त्यानंतरही क्वचितच झाला. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा आणि गौरी या नटीने उभी केलेली जिजाई यांच्या मध्ये जो तिसरा आहे तो साक्षात पांडुरंग असल्यामुळे, जिजाईची फिर्याद कोणत्याही कचेरीत दाखल होण्यासारखी नाही. सवतीशी भांडावे तशी ती त्याच्याशी भांडते, मुलाच्या दुखण्यात पायताण घेऊन देवळात त्याला जाब विचारायला जाते. आणि तीच बाई रानात, डोंगरावर नामस्मरणात बुडालेल्या नवऱ्याला शोधीत, त्याचे जेवण घेऊन चढण चढते. तिची गऱ्हाणी थांबत नाहीत आणि वाढणारा हातही थांबत नाही. या दोन क्रियांपैकी एकीला प्रेम आणि दुसरीला त्रागा म्हणावे, अशी सोय चित्रपटाने ठेवलेली नाही, कारण अनेक वर्षांच्या सहवासात गऱ्हाणे हेच प्रेमाचे व्यवहारातले चलन होऊन बसते. तुकोबा वैकुंठाला जातात, जिजाई जात नाही, आणि सदेह स्वर्गारोहणासारख्या चमत्काराशेजारी मुलाबाळांपाशी राहणाऱ्या त्या बाईचे पारडे हलके ठरू नये, याची काळजी त्या दोघा दिग्दर्शकांनी घेतली आहे.

हिंदीत हाच विषय बासू भट्टाचार्य यांनी 'अनुभव' (१९७१), 'आविष्कार' (१९७४) आणि 'गृहप्रवेश' (१९७९) अशा तीन चित्रपटांत चालवला. तिन्हींत नायकाचे नाव अमर आहे. प्रेमाच्या मरणधर्मी स्वभावाविषयी बोलू पाहणाऱ्या दिग्दर्शकाने हे नाव हेतुपुरस्सर निवडले असावे, अशी मला दाट शंका आहे. 'अनुभव'मधील अमर हा वृत्तपत्राचा संपादक, आणि लग्नाला सहा वर्षे होऊनही आपल्या घरात आपण पाहुण्यासारखे राहतो, हे तनुजाने केलेल्या त्याच्या पत्नीला एके दिवशी उमगते. ती रडत बसत नाही की माहेरी जात नाही. म्हाताऱ्या हरीखेरीज सगळ्या नोकरांना रजा देते आणि घराचा कारभार स्वतःच्या हाती घेते. पुढे तिचा पूर्वीचा प्रियकर नवऱ्याच्याच कचेरीत नोकरीला येतो खरा, पण माझ्या लेखी चित्रपटाचा प्रणय त्या जुन्या प्रेमात नसून नोकर गेल्यानंतरच्या रिकाम्या खोल्यांत आहे. 'आविष्कार' लग्नाच्या वाढदिवशीचे एकच भांडण रात्रभर ताणतो, आणि तो मला काहीसा वक्तृत्वपूर्ण वाटतो. 'गृहप्रवेश'मध्ये मात्र कमालीचा हिशेबी प्रसंग आहे : स्वतःच्या घरासाठी पै-पै साठवणाऱ्या मानसीला नवऱ्याचे कचेरीतील तरुणीवर मन जडल्याचे कळते, तेव्हा ती त्या मुलीला घरी बोलावण्यास सांगते, आणि ती येण्यापूर्वी भाड्याच्या त्या कळकट घराला रंग लावून घेते. प्रतिस्पर्धी बाहेरची तरुणी नसून भिंतींवर साचलेली वर्षे आहेत, हे शर्मिला टागोरच्या मानसीला भाषणावाचून समजलेले आहे.

तिसरा माणूस पूर्णपणे वगळण्याचे धाडस अमेरिकेच्या रिचर्ड लिंकलेटरने आपल्या तीन चित्रपटांच्या मालिकेत केले. व्हिएन्नातील एका रात्रीत प्रेमात पडलेले जेसी आणि सेलीन (१९९५) नऊ वर्षांनी पॅरिसमध्ये भेटतात (२००४), आणि आणखी नऊ वर्षांनी, जुळ्या मुलींचे आईबाप होऊन, ग्रीसमध्ये सुट्टीवर असतात (२०१३). ईथन हॉक व ज्युली डेल्पी हेच दोघे तिन्ही वेळा भूमिका करतात आणि पुढच्या दोन चित्रपटांच्या लेखनातही त्यांचा वाटा आहे, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यांवरील अठरा वर्षे रंगभूषेची नाहीत. स्नेह्यांनी भेट म्हणून ठरवून दिलेल्या हॉटेलच्या खोलीत त्यांचा शृंगार चालू असतानाच जेसीच्या पहिल्या लग्नाच्या मुलाचा दूरध्वनी येतो. सेलीन त्याच्याशी गोड बोलते आणि बापाच्या हाती न देता तो ठेवून देते. एवढ्याशा विसराळूपणातून जो वाद पेटतो त्यात मुलाचा ताबा, तिची नोकरी, कोणी कोणासाठी कोणता देश सोडला, ही सारी जुनी थकबाकी व्याजासकट बाहेर निघते. गंमत अशी, की पहिल्या रात्री ज्या अखंड बोलण्याने ते एकमेकांना मोहित करतात, तेच बोलण्याचे कसब आता एकमेकांच्या वर्मावर बोट ठेवण्याच्या कामी येते. मिशाएल हानेकेच्या 'आमूर' (२०१२) या फ्रेंच चित्रपटात तर बोलणेच आटत जाते, कारण ऐंशी ओलांडलेल्या पत्नीला पक्षाघात झालेला आहे; पण तिची भूमिका करणारी इमान्युएल रिवा आणि पतीच्या भूमिकेतील झाँ-लुई त्रँतिन्याँ यांना अनुक्रमे १९५९ व १९६६ साली पडद्यावर तारुण्याच्या भरात प्रेम करताना पाहिलेल्या प्रेक्षकाला त्या शुश्रूषेत पूर्वीचा प्रियकर वेगळा शोधावा लागत नाही.

मराठीत या मार्गाने जाण्याची संधी सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'ला मिळाली होती. २०१० साली पुण्यात एका दिवसाच्या भेटीत गप्पा मारणारे स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे २०१५च्या दुसऱ्या भागात लग्नाला उभे राहिले आणि २०१८च्या तिसऱ्यात अपत्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले; म्हणजे अंतरपाटाच्या पलीकडे कथा गेली, परंतु बारशाच्या अलीकडेच थबकली. सुदैवाने नट तेच आहेत आणि वयाने पुरेसे वाढलेही आहेत. त्या जोडप्याचे मूल एव्हाना शाळेत जात असेल, घराचे हप्ते चालू असतील, आणि आईबापांच्या औषधपाण्यावरून दोघांत खटके उडत असतील. राजवाड्यांनी चौथा भाग काढावयाचा झाल्यास त्यात नवे पात्र एकही घेऊ नये, आणि या दोघांना रविवारची एक सबंध दुपार घरातच कोंडून ठेवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.