पाहुण्यांसाठी चीझ बोर्ड मांडताना

'चीझ बोर्ड' हा शब्द आता मुलांच्याही कानावर पडतो. (मी मुद्दाम 'चीझ' लिहिते. 'चीज' म्हटलं की वर्गात कष्टांचं चीज आठवतं!) लाकडी पाटावर चार-पाच तऱ्हेचं चीझ मांडून पाहुण्यांपुढे ठेवायचं, एवढंच खरं तर ते. फ्रान्समध्ये हा पाट मुख्य जेवणानंतर आणि गोडाच्या आधी येतो, सोबत पाव असतो.

निवडताना पोत वेगळा हवा आणि दूधही. फ्रेंच पाटाचंच उदाहरण घेऊ. ज्यूरा पर्वतातलं गाईच्या दुधाचं घट्ट कोम्ते, पांढऱ्या बुरशीची साल असलेलं मऊ ब्री, शेळीच्या दुधाचं एखादं ताजं चीझ आणि मेंढीच्या दुधाचं रोकफोर. रोकफोर दक्षिण फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावच्या गुहांत मुरतं. त्यातल्या निळसर शिरा म्हणजे पेनिसिलियम जातीची बुरशी. सूक्ष्मजीवांचा धडा शिकवताना हे जरूर सांगा, मुलं आधी नाक मुरडतात आणि मग प्रश्न विचारतात.

जेवणानंतर द्यायचं असेल तर माणशी 40 ते 50 ग्रॅम पुरे. वाढण्याआधी तासभर फ्रीजबाहेर काढून झाकून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात अर्धा तासही खूप झाला. थंडगार चीझमधली चरबी घट्ट असते, वास मोकळा होत नाही आणि मग सगळी चीझं सारखीच लागतात. चव सौम्यापासून उग्राकडे घ्यायची, रोकफोर शेवटी. प्रत्येकाला वेगळी सुरी, नाहीतर निळी बुरशी ब्रीला लागते. ब्रीच्या त्रिकोणी तुकड्याचं टोक मात्र आडवं कापू नका. तो सर्वांत मऊ भाग. टोकापासून सालीपर्यंत उभे काप केले की तो सगळ्यांच्या वाट्याला येतो.

आता खरी काळजीची गोष्ट. दूध साकळायला रेनेट लागतं, आणि पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या जठरातून काढतात. कोम्ते आणि रोकफोर अशाच रेनेटचे. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांतही वासराचंच रेनेट सांगितलेलं आहे. म्हणजे वर मांडलेला पाट आपल्या शाकाहारी पाहुण्यांसाठी नाही! 'दुधाचंच तर आहे' असं म्हणून पुढे करणं हा त्यांचा विश्वासघात होईल. रेनेट सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतींपासूनही मिळतं. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर चौकोनातला हिरवा ठिपका पाहा, परदेशातून आणलेल्यावर घटकांची यादी वाचा. पनीरचा प्रश्नच नाही, ते लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेलं असतं.

गरोदर पाहुणी असेल तर कच्च्या दुधाची आणि बुरशीने मुरवलेली मऊ चीझं तिच्या ताटात नकोत. लिस्टेरिया जिवाणूचा संसर्ग गर्भाला घातक ठरू शकतो.

प्रत्येक चीझशेजारी छोटी चिठ्ठी ठेवा: नाव, कोणाचं दूध, दूध कच्चं की पाश्चराइज्ड, रेनेट कसलं. चिठ्ठ्या मुलांकडूनच लिहून घ्या. पाकीट वाचायचं कसं, ते त्यांना तिथेच समजेल.