गाणारा कंठ : त्याची रचना आणि निगा

नाताळ जवळ आला की चर्चमधील गायकवृंदाच्या तालमींना रंग चढतो. महिनाभर रोज रात्री गीते घोटली जातात आणि ऐन मध्यरात्रीच्या मिस्सेला निम्म्या गळ्यांतून घोगरा स्वर निघतो. मग आपण थंडीला, दह्याला, नाही तर चिंचेला दोष देऊन मोकळे होतो. आमच्या मते यात बिचाऱ्या चिंचेचा अपराध फार थोडा असतो. गळा बसतो तो बहुधा जोर लावल्याने. आणि तो का बसतो हे समजण्यासाठी गळ्याच्या आत थोडे डोकावले पाहिजे.

मानेच्या पुढच्या बाजूस बोटाला जो टणक उंचवटा लागतो त्याला आपण कंठमणी म्हणतो. त्याच्याच आड, श्वासनलिकेच्या तोंडाशी, स्वरयंत्र वसलेले आहे. गाणे हे त्याचे मूळ काम नव्हे. ते आधी पहारेकरी आहे. घास गिळताना ते वर उचलले जाते, श्वासाची वाट मिटते आणि अन्न फुफ्फुसांकडे न जाता अन्ननलिकेत उतरते. जेवताना बोलू नये असे आजी सांगत असे, त्याचे कारण हेच.

या यंत्रात दोन स्वरतंतू असतात. ‘तंतू’ हा शब्द जरा फसवा आहे, कारण त्या ताणलेल्या तारा नव्हेत. ओठांसारख्या मऊ, ओलसर अशा दोन घड्या आहेत. पुरुषांत त्यांची लांबी सुमारे दोन सेंटिमीटर, स्त्रियांत त्याहून थोडी कमी. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर होतात; गाताना जवळ येतात. खालून येणारी हवा त्यांना विलग करते, त्यांचा स्वतःचा लवचिकपणा आणि वाहत्या हवेची ओढ त्यांना पुन्हा मिटवते. माडाच्या पातीची पिपाणी वाजविणाऱ्या मुलाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही. व्हायोलिन ज्या ‘ला’ सुरावर जुळवितात तो गाताना ही उघडझाप एका सेकंदात सुमारे ४४० वेळा, म्हणजे मिनिटाला २६,४०० वेळा होते. पेटीत प्रत्येक सुराला वेगळी पट्टी लागते. येथे या दोन घड्याच ताणून पातळ झाल्या की उंच सूर देतात आणि सैल, जाड झाल्या की खालचा.

आता जोर लावला म्हणजे काय होते ते पाहा. उंच सूर हाती येईना की नवशिका हवेचा रेटा वाढवितो. हवा निसटू नये म्हणून घड्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात. मानेच्या शिरा फुगतात, हनुवटी पुढे येते, आणि कंठमणी गिळताना चढावा तसा वर चढतो. म्हणजे गाण्याच्या वेळी यंत्र पहारेकऱ्याच्या कामाला जुंपले जाते! मिनिटाला हजारो वेळा होणारा स्पर्श मग स्पर्श राहत नाही, आघात होतो. घड्या सुजतात, आवाज घोगरा होतो.

स्वीडनची प्रख्यात गायिका जेनी लिंड हिच्यावर हाच प्रसंग गुदरला होता. तिचा जन्म १८२० चा, स्टॉकहोमचा. १८३८ पासून ती तेथील रंगभूमीवर मोठ्या भूमिका गाऊ लागली, आणि अति गाऊन, तेही गळ्याला नीट वळण लागलेले नसताना, तीन वर्षांत तिचा आवाज खचला. १८४१ मध्ये ती पॅरिसला मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनगुरूंकडे गेली. त्यांनी तिचे गाणे ऐकले आणि आवाज उरलेला नाही असे स्पष्ट सांगितले. मात्र त्यांनी तिला परत धाडले नाही. सहा आठवडे गाणे पूर्ण बंद, बोलणेही शक्य तितके कमी, असा नेम घालून दिला. तरुण कलावतीला हे मौन किती जड गेले असेल! त्यानंतर अगदी सावकाश स्वरपाठ सुरू झाले : एकेक सूर, श्वासाच्या बेताने. १८४२ मध्ये ती स्टॉकहोमला परतली व पुन्हा रंगभूमीवर उभी राहिली. १८४७ मध्ये लंडन आणि १८५० पासून अमेरिका तिच्या गाण्याने वेडी झाली.

विशेष हे की, त्या वेळी गार्सियांना तिचे स्वरतंतू पाहता आलेले नव्हते. त्यांचे निदान केवळ कानाचे होते. पुढे १८५४ मध्ये पॅरिसला त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा गरम पाण्यात बुडवून स्वतःच्या घशात मागे टेकविला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि गाणारा गळा आतून पाहिला. हे निरीक्षण १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. एका गायनशिक्षकाने वैद्यांना घसा पाहण्याची वाट दाखविली हे आम्हांस मोठे गोड वाटते. गार्सिया १९०६ मध्ये १०१ वर्षांचे होऊन वारले.

पाश्चात्त्य अभिजात गायनात जोराच्या जागी दोन गोष्टी येतात. पहिली, श्वास सोडण्याचा संयम. फासळ्या एकदम मिटू न देता, पोट हळूहळू आत घेत हवा बेताने सोडायची. दुसरी, कंठमणी खाली आणि घसा मोकळा. जांभईच्या आरंभी कंठमणी आपोआप उतरतो, तेवढेच पुरे. जिभेचे मूळ दाबून तो खाली ढकलणे हा पुन्हा जोरच. घसा असा मोकळा राहिला की आवाज भरदार होतो. विशेषतः पुरुषगायकांच्या आवाजात सेकंदाला सुमारे ३,००० कंपनांच्या आसपास एक खास तेज येते. वाद्यवृंदाचा जोर ५०० कंपनांच्या आसपास असतो आणि ३,००० जवळ त्याचा नाद विरळ होतो. त्यामुळे ध्वनिवर्धक नसतानाही एकटा गायक मोठ्या वाद्यमेळावरून ऐकू येतो. स्वीडनचेच शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात याचा उलगडा केला. तेव्हा, ‘आणखी मोठ्याने!’ म्हणून टेबल आपटणाऱ्या गायनमास्तरांनी सुराची पट्टी एक पायरी खाली आणावी हे बरे.

घरी पाळण्याजोगे थोडकेच आहे. दिवसभर पाणी थोडे थोडे प्यावे. आधी हलक्या, मधल्या सुरांनी गळा उघडावा. सारखे खाकरू नये, कारण खाकरण्यातही घड्या एकमेकींवर आपटतात. गळा बसला असता ताणून कुजबुजणे ही विश्रांती नव्हे, गप्प राहावे. सर्दीपडशाने बसलेला आवाज सहसा आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्याने तर चालढकल मुळीच करू नये. अति ताणाने स्वरतंतूंवर घट्ट्यांसारख्या बारीक गाठी येतात. दिवसभर वर्गात ओरडणाऱ्या शिक्षिकांत त्या विशेष दिसतात. गाठ म्हटली की घरचे घाबरतात. पण या गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि विश्रांती व आवाजाचे योग्य शिक्षण मिळाले की पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून विरतात.