रडारला चुकवणाऱ्या कडा

बंगळुरूच्या येलहंका तळावर फेब्रुवारी 2025मध्ये रशियाचं सु-57 आणि अमेरिकेचं एफ-35 एकाच मैदानात उभी होती. एरो इंडियाची गर्दी साहजिकच तिकडे धावत होती. मी मात्र बराच वेळ रेंगाळलो तो एका न उडणाऱ्या विमानाभोवती. ॲम्का या आपल्या नियोजित स्टेल्थ लढाऊ विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती तिथे मांडली होती. लोक सेल्फी काढत आणि पुढे सरकत. प्रतिकृतीत इंजिन नसतं, रडार नसतं, पण स्टेल्थची निम्म्याहून जास्त गोष्ट आकारातच असते, आणि आकार तर समोर होता.

असं विमान पाहताना आधी कडा पाहाव्यात. पंखाची पुढची कड ज्या कोनात मागे गेली आहे, त्याच कोनाशी शेपटीची आडवी पाती जुळवलेली असतात. चाकांच्या आणि शस्त्रकप्प्याच्या दारांच्या कडा सरळ न ठेवता दातेरी करतात, त्याही याच हिशेबाने. रडारची लहर अंगावर पडली की ती कुठेतरी परतणारच. ती पूर्णपणे गिळून टाकता येत नाही. मग सगळ्या कडांचं परावर्तन मोजक्याच दिशांना ढकलायचं, आणि त्या दिशा शत्रूच्या रडारकडे येणार नाहीत असं पाहायचं. उभ्या शेपट्याही बाहेर कललेल्या आहेत, कारण काटकोन हा इथला खरा घरभेदी. सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये असे इवले काटकोनी कोपरेच भरलेले असतात. उजेड जिकडून येईल तिकडेच ते तो परत पाठवतात. आडवा पंख आणि सरळ उभी शेपटी मिळून रडारची नेमकी हीच सेवा करतात.

हवा आत घेणाऱ्या तोंडाशी विमानाच्या अंगावर एक फुगवटा आहे. अंगालगत रेंगाळणारी संथ हवा तो बाजूला सारतो. एरवी त्यासाठी वेगळी पट्टी आणि फट ठेवावी लागते. शिवाय आतला मार्ग नागमोडी आखला आहे. इंजिनाचा फिरता पंखा समोरून दिसला, तर बाहेरची सगळी कारागिरी वाया जाते.

कडांवरून लहर कशी परतते, याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी, 1962मध्ये. त्यांच्या देशाने ते छापलंही, आणि फारसं मनावर घेतलं नाही. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्सरने त्याचा इंग्रजी अनुवाद वाचला आणि त्यावर संगणकाचा प्रोग्राम रचला. तेव्हाच्या संगणकांना वक्र पृष्ठभागाचा हिशेब झेपत नव्हता, म्हणून लॉकहीडचं स्टेल्थ विमान एफ-117 सपाट पैलूंचं झालं. दिसायला बेढबच, पण 1981मध्ये ते उडालं. 1999मध्ये सर्बियात जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने त्यातलं एक पाडलंही. स्टेल्थला ‘अदृश्य’ म्हणणाऱ्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग मिळतं काय? वेळ. रडारला जाणवणारा आकार सोळा पटींनी घटवला, तर रडारचा पल्ला फक्त निम्मा होतो. दहा हजार पटींनी घटवला, तर एक दशांश. म्हणजे चारशे किलोमीटरवरून दिसणारं विमान चाळीसवर आल्यावर दिसेल. इतका अफाट आटापिटा करून हाती येतो तो हा फरक. म्हणूनच इथे एक उघडा स्क्रू, एक नीट न बसलेलं झाकणसुद्धा महाग पडतं.

पंखाखाली क्षेपणास्त्र टांगलं तरी तेच. त्यामुळे शस्त्रं पोटात. ॲम्काच्या आराखड्यात पोटातल्या कप्प्यासाठी सुमारे 1,500 किलो आणि इंधनासाठी सुमारे 6,500 किलो धरले आहेत. हे सगळं 25 टनांच्या वर्गातल्या विमानात कोंबायचं. बाहेर टांगून याहून कितीतरी जास्त नेता येईल, पण मग लपणं सोडावं लागेल.

आकार एकदा ठरला की ठरला. लेपाचं तसं नाही. लहरी शोषणारा हा लेप उन्हापावसाने, धुळीने, मेकॅनिकच्या हाताळणीने खराब होतो. अमेरिकेच्या एफ-22च्या देखभालीचा मोठा भाग याच डागडुजीत जातो. आपल्याकडे एका वर्षात राजस्थानची धूळ आणि किनाऱ्यावरची खारी हवा दोन्ही सोसायच्या आहेत. या विमानाची खरी परीक्षा हँगरमध्ये होईल असं मला वाटतं, पण प्रदर्शनात त्याविषयी कुणी विचारत नव्हतं.

इंजिनाचं मात्र सगळे विचारत होते, आणि ते योग्यच. पहिल्या ॲम्कांना अमेरिकेची दोन एफ-414 इंजिनं बसतील. आपलं देशी इंजिन कावेरी 2008मध्ये तेजस या लढाऊ विमानापासून वेगळं करावं लागलं, ती ठेच अजून ओली आहे. टर्बाइनमध्ये पात्यांवर येणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त असतो. एकाच स्फटिकातून ओतलेली पाती आणि त्यांच्या आतून खेळवलेली थंड हवा, हे ज्ञान विकत कुणी देत नाही. पुढच्या आवृत्तीसाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर नवं इंजिन करायचं, असं ऑगस्ट 2025मध्ये जाहीर झालं.

मार्च 2024मध्ये पाच नमुना विमानांसाठी सुमारे 15,000 कोटी मंजूर झाले. पहिलं उड्डाण या दशकाच्या अखेरीला, आणि हवाई दलात प्रवेश 2035च्या आसपास अपेक्षित आहे. चीनचं स्टेल्थ विमान जे-20 पहिल्यांदा 2011मध्ये उडालं, आणि डिसेंबर 2024मध्ये चेंगदूवर शेपटी नसलेलं पुढचं विमानही दिसलं. ओझरच्या कारखान्यातून ऑक्टोबर 2025मध्ये उडालेलं तेजस एमके-1ए पाहिल्यावर विमान बांधण्याचा हात आपल्याला बसतो आहे, हे मान्य करावं लागतं. पण इंजिन परक्याचं असेपर्यंत ॲम्काची कुठलीही तारीख पेन्सिलीनेच लिहावी.