तगरीवरचा हिरवा पाहुणा

आमच्या परसांतील तगर ही देवघराची तगर, आणि तिचीं पांढरीं फुलें काढण्याचा मान घरांतील वृद्ध आत्याबाईंचा. गेल्या श्रावणांत एके सकाळीं त्या अर्धी परडी घेऊनच परत आल्या. झाडाचे दोन फांटे निष्पर्ण झाले होते, खालच्या फरशीवर मिऱ्यांएवढ्या काळसर विष्ठेच्या गोळ्या पडल्या होत्या, आणि "झाडावर साप आहे" असें त्या म्हणत होत्या.

साप नव्हता, बोटाएवढा जाड, हिरवागार सुरवंट होता. डोक्यामागें त्याचे दोन निळे डोळे टवकारलेले दिसत. हे डोळे खोटे. भय वाटलें म्हणजे तो डोकें आंत ओढून घेतो, त्याबरोबर अंगावरचे हे ठिपके फुगून पुढें येतात आणि पक्ष्यांना (व आत्याबाईंना) फसवितात. सूनबाईंनीं एव्हांना आधण ठेवलेंच होतें.

येथें वाचकांपाशीं एक कबुली देणें प्राप्त आहे. हे सुरवंट चिमट्यानें काढून उकळत्या पाण्यांत टाकण्याचें काम आम्हीं स्वतः कित्येक पावसाळे केलेलें आहे. आणि त्याच पावसाळ्यांत दिव्याच्या उजेडाला येऊन भिंतीवर बसणारा एक देखणा हिरवा पतंग आम्ही मुलांना हाका मारून दाखवीत असूं. तो पतंग व हा सुरवंट एकच, हें आम्हांस ठाऊक नव्हतें! यंदा तें कळलें तें धाकट्या नातवाच्या हट्टामुळें. त्यानें सुरवंट बरणींत घातला, तळाशीं माती व वाळका पाला पसरला, आणि तगरीचीं ताजीं पानें पुरविण्याची जबाबदारी आमच्यावर टाकली.

इंग्रजींत यास 'ओलिअँडर हॉक मॉथ', म्हणजे कण्हेरीवरचा ससाणा-पतंग म्हणतात. लिनियसनें १७५८ सालीं याचें वर्णन केलें तेव्हां जातीचें नांवहि कण्हेरीवरूनच दिलें. मादी पानावर मोहरीएवढें फिकट हिरवें अंडें घालते. चार-पांच दिवसांनीं त्यांतून पिवळी अळी निघते. तिच्या शेपटीकडे अंगाच्या मानानें भलतेंच लांब, काळें शिंग असतें. वाढतांना ती हिरवी होते, शिंग आंखूड होतें. अंगावर केंस नाहींत, म्हणून हातास खाज सुटण्याचें भय नाहीं. तगर, कण्हेर, सदाफुली हें तिचें अन्न.

कण्हेरीच्या सर्वांगांत विष असतें, तें हृदयास घातक आहे, आणि मुलांना त्या झाडापासून जपावें लागतें. हा सुरवंट मात्र तींच पानें खाऊन पोसतो! त्याच्या मज्जातंतूंभोंवतींचें आवरण तें विष आंत शिरूं देत नाहीं, असें संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें.

आमच्या बरणींतील सुरवंटाची पाठ एके दिवशीं तपकिरी झाली. खाणें सोडून तो सैरावैरा फिरूं लागला. मरणार, असें आम्हांस वाटलें. नातू रडकुंडीस आला. दुसऱ्या दिवशीं पाल्याखालीं चार धागे विणून तो निजला, आणि त्याचा फिकट बदामी कोश झाला. चौदाव्या दिवशीं पहाटे बरणींत पतंग बसला होता. पंखांवर शेवाळी, पांढऱ्या व गुलाबी छटांचे पट्टे असे मिसळलेले, कीं संगमरवरावर रंग फिरविला असावा. पंखांचा विस्तार ९ ते ११ सेंटिमीटर असतो. आमचा लहानांतला असावा. या जातीचे पतंग उन्हाळ्यांत आफ्रिकेकडून युरोपांत जातात आणि क्वचित् इंग्लंडांतहि पोंचतात.

तिन्हीसांजेस बरणी जुईच्या वेलाजवळ उघडली. पतंग क्षणभर थरथरला, मग उडाला, आणि एका फुलापुढें हवेंतच स्थिर राहून लांब सोंडेनें मध पिऊं लागला. आत्याबाई पायरीवर बसून पाहत होत्या. कांहीं बोलल्या नाहींत.

पुढच्या आठवड्यांत परडी घेऊन निघालेल्या आत्याबाईंना आम्हीं खिडकींतून पाहिलें. फुलें काढतांना त्या एकेक पान उलटून पाहत होत्या, आणि मागच्या दोन फांट्यांना त्यांनीं हातहि लावला नाहीं.