पेट्रोल जीपचं ॲव्हरेज

जालन्यात कुणाच्या दारात जुनी पेट्रोल जीप उभी दिसली, की मॉडेल विचारायच्या आधी लोक ॲव्हरेज विचारतात. उत्तर बहुधा लिटरला आठ-नऊ किलोमीटर असं येतं आणि विचारणारा डिझेल इंजिन बसवायचा सल्ला देऊन निघून जातो. मला हा सल्ला पटत नाही. या गाडीचा पेट्रोलखर्च दोन प्रकारचा आहे. एक तिच्या घडणीतच आहे, तो सोसावाच लागतो. दुसरा हयगयीतून येतो आणि जाणता मिस्त्री मिळाला तर एका दुपारीत आटोक्यात येतो.

मुळात ही गाडी इथे आली ती गरज म्हणून. अंबड-घनसावंगीकडची गोदाकाठची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि दोन चांगले पाऊस झाले की चाकाला चिखलाचे गोळे धरते. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगेचे उतार आणि दगडगोटे. डांबरी रस्ता मोजक्याच गावांना होता त्या काळात इथे चारही चाकांना जोर देणारी गाडीच चालायची. महिंद्रने विलिस जीप मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस. १९५२ला समुदाय विकास योजना आली, १९६२ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि बीडीओची जीप गावागावात ओळखीची झाली. १९७२च्या दुष्काळात पाझर तलावांच्या आणि खडी फोडायच्या कामांवर साहेब पोचायचे ते याच गाडीतून. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधीच, १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली होती. बियाण्याच्या धंद्यात प्लॉट पाहायला बांधापर्यंत जावंच लागतं, तिथेही जीप हवीच.

आता घडणीतला खर्च. सीजे-थ्री-बी या उंच बॉनेटच्या जीपमध्ये हरिकेन नावाचं चार सिलिंडरचं, २,१९९ सीसीचं इंजिन असतं. बॉनेट उंच झालं तेच या इंजिनाला जागा हवी म्हणून. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. कॉम्प्रेशन साताच्या आसपास, कारण त्या काळी मिळणाऱ्या हलक्या पेट्रोलवर त्याला चालायचं होतं. आजच्या मोटारींत ते दहा आणि त्याहून वर असतं. कॉम्प्रेशन कमी म्हणजे तेवढ्याच पेट्रोलातून काम कमी निघतं, त्याला इलाज नाही. त्यात गेअर तीनच, आणि टॉप गेअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ५.३८ फेरे. ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेतं. हे प्रमाण चिखलातून गाडी ओढण्यासाठी ठरवलेलं आहे. हमरस्त्यावर त्याचीच किंमत मोजावी लागते. उभी सपाट काच वारा अंगावर घेते, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. जालना ते छत्रपती संभाजीनगर हा रस्ता ऐंशीने मारला तर वीस-पंचवीस मिनिटं वाचतील, पण पेट्रोलचा हिशेब बिघडतो. पन्नास-पंचावन्न हा या गाडीचा खरा वेग.

हयगयीचा खर्च मात्र पाहण्यासारखा असतो. प्लग काढून हातात घ्यावा. टोक विटकरी असेल तर जळण बरोबर, काजळीने काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढुरकं असेल तर कमी. बहुतेक जीपचे प्लग काळेच निघतात. मग कार्बोरेटर उघडायचा. आत पितळेचा जेट असतो, त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. कचरा अडकला की घाईत कुणीतरी त्यात तार घालतं आणि भोक कायमचं मोठं होतं. त्यानंतर ती गाडी कितीही हळू चालवा, पेट्रोल पीतच राहणार. जेट हवेच्या दाबाने साफ करायचा, तारेने कधीच नाही. शेजारी फ्लोटची नीडल झिजलेली असते, पातळी वर चढते आणि उभ्या गाडीला पेट्रोलचा वास येतो. चोकची वायर गंजून चोक अर्धा बंद राहतो, तेही कुणी पाहत नाही. एअर क्लीनर तेलाचा आहे. आपल्या धुळीत त्यातल्या तेलाचा महिन्याभरात चिखल होतो, हवा कमी पडते आणि मिश्रण दाट होतं.

सगळ्यात मोठं नुकसान थर्मोस्टॅट काढून टाकल्याने होतं, असं माझं ठाम मत आहे. एप्रिल-मेमध्ये गाडी तापते म्हणून तो काढतात आणि परत बसवत नाहीत. तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये धरलेला खार असतो. बोअरच्या जड पाण्याने तो हमखास धरतो. थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोलची पुरती वाफ होत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. ॲव्हरेजही जातं आणि रिंगाही.

पुढची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावीत, ब्रेक धरून राहिलेले सापडतात. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून ठेवणारेही आहेत. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे डिफरन्शियल नसल्याने ताण दांड्यांवर येतो, टायर घासतात. तो गेअर चिखलासाठीच आहे. ॲव्हरेज काढतानाही फसगत होते. सहाशे-सोळाच्या जागी सातशे-सोळाचे मोठे टायर घातले तर मीटर सहा-सात टक्के कमी अंतर दाखवतं. टाकी फुल करून परत फुल करण्याचीच पद्धत घ्यावी, पण अंतर मैलाच्या दगडांवरून मोजावं.

१९७३च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल इतकं महागलं की अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. पुढच्या वर्षांत गावोगावच्या जीपमधून हरिकेन उतरलं आणि डिझेल इंजिनं चढली. रोज प्रवासी वाहणाऱ्याला ते परवडलंच, त्याला दोष नाही. पण आठवड्याला एकदा शेतात जाणाऱ्याने जड डिझेल इंजिन चढवून पुढचे पाटे बसवून घ्यायचे, आवाज आणि हादरे सोसायचे, आरटीओचे कागद बदलत फिरायचं, यात वाचतं काय? १९८५ला मारुतीची जिप्सी आली, ९७० सीसीची आणि हलकी. तिने पेट्रोल फोर बाय फोर कमी खर्चात चालू शकते हे दाखवलं. चिखलात मात्र जुन्या जीपचा सावकाश, खालून येणारा जोर तिच्याकडे नव्हता.

आता नवीन प्रश्न इथेनॉलचा. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ऊस आणि मका, म्हणजे आपल्याच शेतातली पिकं त्यात जातात, याचा मला आनंद आहे. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानेच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल असं म्हटलं होतं. नव्या गाडीचा संगणक मिश्रण सांभाळून घेतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ होतं, गाडी मिस मारते, मग मालक चोक ओढून चालवतो आणि खर्च आणखी वाढतो. यावर उपाय म्हणजे एक नंबर मोठा जेट, हिशेबाने निवडलेला. जुन्या रबराच्या नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉलने फुगतात, दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ रिकामी सोडू नये, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पत्रा आतून गंजतो.